मऊ चाकं

माझ्या दाजींना यार्डात सगळे 'खडखडे' म्हणायचे. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला ते आडनावच वाटायचं, आणि तो बिचारा मोठ्या अदबीने 'खडखडेसाहेब' अशी हाक मारायचा. मग अख्खं यार्ड हसायचं, आणि सगळ्यांत मोठ्याने दाजीच हसायचे. नाव खरं तर त्यांचं नव्हतं, त्यांच्या गाडीचं होतं.

गाडी म्हणजे दोन चाकांचा छोटा ट्रेलर. लांबीरुंदीला एका माणसाच्या खाटेएवढा, ओढायला लोखंडी दांडा, तळाला खोक्यांच्या फळ्या. चाकं लोखंडी. त्यांच्यावर कधीकाळी भरीव रबराची जाड पट्टी होती म्हणे. आम्ही पाहिली तेव्हा ती जागोजागी झिजून गेली होती आणि खालचं लोखंड सिमेंटवर घासत होतं. पत्र्याच्या डब्यात खडे भरून डबा जिन्यावरून सोडून द्यावा, तसा तिचा आवाज. वर गोदामाच्या दारातून गाडी निघाली की खाली फाटकापर्यंत ऐकू यायची.

आमच्या यार्डात बेसिन, सिंक, कमोड असा चिनी मातीचा माल असतो. वर गोदाम, मग लांब उतार, मधे एक वळण, आणि खाली फाटकाजवळ पॅकिंगची शेड. सुटा माल गोदामातून शेडमध्ये आणायचा आणि रिकामी गाडी परत वर न्यायची, हे दाजींचं दिवसभराचं काम. चढावर माणूस पुढे आणि गाडी मागे. उतारावर उलटं. गाडी पुढे सोडायची आणि मागून दांडा धरून, टाचा रोवून, सगळं अंग मागे टाकून ती आवरत आणायची. तसं नाही केलं तर भरलेली गाडी माणसाच्याच अंगावर येते. पण असं चालताना पुढचं काही दिसत नाही. दाजींना दिसायचं ते फक्त रचलेल्या मालाचा ढिगारा आणि त्याच्या वरचं आभाळ. तरी कोणाला कधी साधा धक्कासुद्धा लागला नाही, कारण गाडीच स्वतःचा रस्ता मोकळा करत यायची. खडखडाट कानावर पडला की बोलणारा माणूस बोलता बोलता बाजूला व्हायचा, मान वर न करता. आपण बाजूला झालो हे त्याचं त्यालाही कळायचं नाही.

मी आणि माझी थोरली बहीण, दोघी त्या शेडमध्ये कामाला. माझा संसार मोडला तेव्हा ताई-दाजींनी मला त्यांच्या एका खोलीत घेतलं. दाजींनी मधे तार बांधली, तिच्यावर जुनी चादर टाकली आणि म्हणाले, "मेव्हणीबाई, हा तुमचा महाल. भाडं म्हणून रोज एक भांडण चालेल." ते भाडं मी कधी थकवलं नाही. माणूस बडबड्या. मोडकी वस्तू फेकून देणं त्यांच्या जिवावर यायचं. आमच्या घरातल्या एका स्टुलाला तीन वेगवेगळ्या स्टुलांचे पाय आहेत आणि ते कोणाच्याच बुडाखाली सरळ उभं राहत नाही. पोरंबाळं नव्हती. त्याची खंत दाजींनी बोलून दाखवली नाही. ताईनेही नाही. दोघं एकमेकांना धरून होती.

ताईचे कान लहानपणी वाहायचे. लग्न झालं तेव्हा एक कान गेलेला होता आणि दुसरा निम्मा होता. पुढे तो निम्माही कमी कमी होत गेला. किती कमी झाला हे कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. समोर उभं राहून बोललं की ती तोंडाकडे बघून बरोबर उत्तर द्यायची. पाठमोरी असली की मात्र भिंतीशी बोलल्यासारखं. त्याची आम्हाला इतकी सवय होती की तिच्याशी बोलायचं तर आधी तिच्या पुढ्यात जायचं, हे आम्ही न ठरवता करत होतो.

याला अपवाद एकच, दाजी.

ताई शेडमध्ये उताराकडे पाठ करून मान खाली घालून काम करत असायची. गाडी अजून वळणाच्या पलीकडे असायची, दिसायचीसुद्धा नाही. आणि ताई मागे न बघता म्हणायची, "आलात?"

दाजी दारात येईपर्यंत त्यांची छाती दीड वीत फुगलेली असायची. शेडमध्ये जो कोणी असेल त्याला सांगायचे, "बघितलंत? हिच्या कानाशी ढोल वाजवा, ढिम्म हलणार नाही. पण माझी चाहूल लागते!"

मी म्हणायचे, "चाहूल कसली दाजी? तुमची गाडी मेलेल्या माणसालाही उठवून बसवेल."

"असं? मग जेवणाच्या सुट्टीचा भोंगा काय कमी जोरात वाजतो? तुम्ही कानात बोटं घालता. तेव्हा म्हणते का ही 'आलात'? सांगा ना."

भोंगा तिला खरंच कळायचा नाही. मी खांद्याला हात लावून खूण केली की मगच ती काम थांबवायची. मग मीही मनात म्हणायचे की असेल बाबा, नवराबायकोंत असं काही असेल. आपल्या वाट्याला आलं नाही म्हणून जगात नसतंच असं थोडंच आहे?

ताईची आणखी एक खोड होती. शेडमध्ये आली की चपला काढून ठेवायची आणि थंडीच्या दिवसांतही गार फरशीवर अनवाणी उभी राहायची. खाली चिनी मातीच्या कपच्या पडलेल्या असत. सुपरवायझर ओरडायचा, ही मान डोलवायची आणि तशीच उभी राहायची. संध्याकाळी घरी तिच्या टाचेतली कपची मी सुईने काढायचे आणि वर तोंडाने तिची खरडपट्टी काढायचे. ती हसायची.

मालाला भेग गेली आहे का, हे बघायची आमची रीत ठरलेली. बारीक भेग डोळ्याला दिसत नाही. बोटाच्या पेराने ठोकायचं. चांगलं बेसिन 'टण्ण' वाजतं, भेगाळलेलं 'भद्द'. टण्णवालं पेंढा घालून खोक्यात भरायचं, भद्दवालं बाजूला. ताई एका हाताने ठोकायची आणि दुसऱ्या हाताचा तळवा खाली धरायची. पडू नये म्हणून धरते, असं सगळ्यांना वाटायचं.

त्या वर्षी तक्रारी वाढल्या. बसवलेली बेसिनं पाझरायला लागली, माल परत यायला लागला. सुपरवायझरने डोकं खाजवलं, इकडेतिकडे बघितलं, आणि त्याची नजर ताईवर गेली. "बहिऱ्या बाईला टण्ण आणि भद्द काय कळणार?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. माल आम्ही चौघीजणी तपासत होतो. पण म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला फाशी. गोष्ट मालकापर्यंत गेली. मालक म्हणजे दगडापेक्षा वीट मऊ. त्याने तिला लगेच काढलं नाही. म्हणाला, हा हंगाम बघू, परतीचा माल थांबला तर ठीक, नाहीतर बाईंनी घरी बसावं.

घरी बसावं, हे बोलायला सोपं आहे. दुसरीकडे तिला कोण ठेवणार होतं? पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. आमच्या खोलीत ताई म्हणजे स्वयंपाक करणारी एक मुकी सावली. बाजारात गेली तर लोक तिच्याऐवजी माझ्याशी बोलायचे. त्या शेडमध्ये मात्र तिचं टेबल होतं, तिची जागा होती, आणि दिवसभर फेरीगणिक तिचा नवरा समोर यायचा. ते गेलं असतं तर तिच्याजवळ काय उरलं असतं? ती त्या दिवशी जेवली नाही. दाजींनी ताट दोनदा पुढे सरकवलं आणि तिने दोनदा मागे सरकवलं.

दाजी आडवे पडून छताकडे बघत होते. एकदम उठून बसले. "मेव्हणीबाई, माल गोदामात फुटत नाही आणि शेडमध्येही फुटत नाही. तो माझ्या गाडीत फुटतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर ठोकून टण्ण वाजणारी काही बेसिनं वेगळी खूण करून खाली आणली. त्यांतलं एक भद्द वाजलं. सुपरवायझर म्हणाला, "मग हळू आणा." दाजींनी हळू आणली. गाडी तेवढाच जास्त वेळ खडखडत राहिली, बाकी फरक काही नाही. "मग चाकं बदला. पण यार्डातून काही मिळणार नाही, तुमचं तुम्ही बघा." बोलून तो चहाला गेला.

दाजींनी भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या तीनचाकी टेम्पोची दोन चाकं मिळवली. हवेची. एका टायरची कड चिरलेली होती, तिथे आतून रबराचा तुकडा चिकटवला. ट्यूब बादलीत बुडवून दाबून दाबून बघितल्या. बुडबुडे आले तिथे ठिगळ लावलं. टेम्पोच्या चाकाचं भोक मोठं आणि गाडीचा आस बारीक, म्हणून लेथवाल्याच्या मागे लागून दोन बुश, म्हणजे मधे बसणाऱ्या नळ्या, करून आणले. आठवडाभर आमच्या खोलीत ती चाकं पाहुण्यांसारखी भिंतीला टेकून उभी होती. येताजाता दाजी त्यांना थापट्या मारायचे.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं यार्डात गेलो. तिथे चिटपाखरू नव्हतं. दाजींनी एका चाकाला पुढून-मागून विटा लावल्या आणि दुसऱ्या बाजूला आसाखाली जॅक लावला. गाडी कुरकुरत वर उचलली. चाकाचा नट गंजून आसाशी एकजीव झाला होता. त्यावर रॉकेल ओतलं, हातोडीने चारी अंगांनी ठोकलं, पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला आणि दाजी त्यावर अक्षरशः लोंबकळले. नट सुटला तेव्हा दाजी पार्श्वभागावर आपटले. ताई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. जुनं चाक निघालं. आसावरचं काळं, वाळलेलं ग्रीस खरवडून काढलं. तिथे नवा बुश घातला, नवं ग्रीस बोटाने भरलं, चाक चढवलं, वॉशर, नट, नटाच्या भोकातून पिन, पिनेची टोकं वाकवली. चाक हाताने फिरवून बघितलं. आवाज न करता फिरत राहिलं. मग तसंच दुसरं. ताई पाने देत होती, दाजींच्या तोंडाकडे बघत होती, आणि दाजींच्या नाकावर ग्रीस लागलं होतं ते कोणीच त्यांना सांगत नव्हतं. दोघांना इतकं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. नंतर तर नाहीच.

"बसा बाईसाहेब," दाजी म्हणाले. "पहिला माल तुम्हीच."

ताई गाडीवर बसली. दाजींनी तिला सगळ्या यार्डात फिरवलं. गाडी लोण्यावरून गेल्यासारखी गेली. मी बरोबर चालत होते. ताईने दोन्ही तळवे फळीवर दाबून धरले होते आणि तिचं हसू हळूहळू उतरत गेलं. पडायची भीती वाटली असेल, असं मला वाटलं. दाजींनी गाडी थांबवून तिच्यासमोर येऊन विचारलं, "कशी आहे?"

"मऊ आहे," ती म्हणाली. मग तळवे उचलून म्हणाली, "छान आहे."

जुनी चाकं दाजींनी गोदामाच्या मागे गवतात नेऊन टाकली. त्यांना फेकवत नव्हतं, म्हणून भंगारात दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी यार्डात गोंधळ उडाला. गाडी कधी मागे येऊन उभी राहायची, कोणाला पत्ता लागायचा नाही. झाडूवाल्या म्हाताऱ्याला अगदी पाठीशी येऊन टेकली तेव्हा तो कळवळून ओरडला, "खडखडे, जिवंतपणी भूत झालात काय?" त्याच दुपारी दाजींनी गाडीच्या पुढच्या फळीला पितळी घंटी टांगली. शिवाय तोंडाने "बाजू! बाजू!" असं ओरडायला लागले. दोन दिवसांत यार्डाला घंटीची सवय झाली.

तेव्हा मी त्यांना विचारलं, "अहो, पण ताईचं काय?"

"तिला कशाला घंटी?" दाजी म्हणाले. "तिला मी कळतो."

मात्र चाकं बदलल्यावर पहिल्याच दिवशी सकाळी दाजी शेडच्या दारात येऊन उभे राहिले होते आणि ताई पाठमोरी ठोकतच होती. 'आलात?' नाही की काही नाही. दाजींनी हिरमुसल्या तोंडाने तिच्या खांद्याला हात लावला. ती अशी दचकली की हातातलं बेसिन खाली पडून फुटलं. "बाई गं! माझं लक्षच नव्हतं," ती म्हणाली. दाजी फुटके तुकडे गोळा करत पुटपुटत होते, "भाव वाढला आमच्या बाईसाहेबांचा." बोलले चेष्टेत, पण लागलं होतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी ताईने आपलं टेबल फिरवून घेतलं. उजेड नीट पडत नाही, म्हणाली. आता तिचं तोंड उताराकडे झालं. वळणावर गाडी दिसली की ती पटकन मान खाली घालायची, आणि गाडी जवळ आली की खाली बघूनच म्हणायची, "आलात?"

दाजींचा चेहरा पुन्हा उजळला. "बघितलंत मेव्हणीबाई? काल खरंच लक्ष नव्हतं तिचं."

परतीचा माल थांबला. अगदी थांबलाच. मालक स्वतः शेडमध्ये आला, ताईसमोर उभा राहून मोठ्याने आणि तोंड वाकडंतिकडं करून म्हणाला, "बाई, तुम्ही राहा." ताईने मान डोलवली. सुपरवायझरला मात्र दुसरीच अक्कल सुचली. गाडी इतकी मऊ चालते, तर मग माल एक थर जास्त का नाही? फेऱ्या वाचतील. दाजींनी कुरकुर केली नाही. बायकोची जागा टिकली होती, त्या आनंदात त्यांना डोंगर जरी ओढायला सांगितला असता तरी त्यांनी ओढला असता. गाडीवरचा ढिगारा वाढला, आणि त्याच्या वरचं आभाळ तेवढं कमी झालं.

त्या दिवशी वारा होता. पेंढ्याचा टेम्पो आला आणि शेडमध्ये जागा नव्हती म्हणून टेम्पोवाल्याने पेंढा उताराच्या पायथ्याशीच टाकला. वाऱ्याने तो उडायला लागला. ताई हातातलं बेसिन ठेवून, चपला घालून बाहेर गेली आणि वाकून पेंढा कवेत गोळा करायला लागली. पाठ उताराकडे.

घंटी वाजली. "बाजू! बाजू!" असा दाजींचा आवाजही आला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. झाडूवाला बाजूला झाला. फाटकावरचा माणूस बाजूला झाला. मी एक बेसिन ठोकून त्याचा आवाज ऐकत होते, मान वर केली नाही. रोज वाजणाऱ्या घंटीला कोण मान वर करतं?

गाडी अडली. भरधाव नव्हती, पण भरलेली होती. दाजींना वाटलं की चाकाखाली दगड आला. उतारावर भरलेली गाडी मधेच अडली की एक जोर लावून दगडावरून पार करायची, हीच रीत होती. जुन्या लोखंडी चाकांची. दाजींनी खांदा लावला आणि जोर लावला.

टायर मऊ होतं. सहज वर चढलं.

मग मालाचा ढिगारा कोसळला. तो आवाज सगळ्या यार्डाने ऐकला. त्या आवाजातही मला आधी माल फुटल्याचंच वाईट वाटलं. बाहेर आले तेव्हा दाजी हातांनी बेसिनं उपसत होते, त्यांच्या कोपरापर्यंत रक्त होतं, आणि ते पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "अगं, घंटी वाजवली ना मी? घंटी वाजवली ना?"

ताई वाचली. डॉक्टर म्हणाले, कमरेच्या वरचं सगळं ठीक आहे. कमरेच्या खालचं त्यांनी काही सांगितलं नाही, पण पांघरुणाखालून तिचा पाय चिमटून बघितला आणि ती दुसरीकडेच बघत होती, तेव्हाच आम्हाला कळलं.

दवाखान्यातल्या खाटेजवळ दाजी स्टुलावर बसून राहायचे. बोलले की एकच प्रश्न. "मी ओरडलो होतो गं. बाकी सगळ्यांनी ऐकलं. तुला कसा नाही कळलो?" ताई त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. ती डोळे मिटायची, म्हणजे बोलणंच बंद. दाजी मग तिचा हात हातात घेऊन बसायचे, आणि तिने डोळे उघडले की पुन्हा तेच.

शेवटी एक दिवस तिने डोळे मिटले नाहीत.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही मला कधीच ऐकू आला नाहीत."

दाजींनी स्टूल पुढे ओढलं.

"गाडी कळायची. खाली फरशीतून, तळपायाला. वरून निघाली की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. म्हणून चपला काढायचे. भोंगा जमिनीतून येत नाही ना. ऐकू तर मला कितीतरी वर्षांत कोणीच आलेलं नाही. ना तुम्ही, ना ही माझी बहीण."

"मग आधी का नाही बोललीस?" दाजींचा आवाज मला ओळखू आला नाही. "चाकं बसवली तेव्हा तरी?"

"तुम्ही सगळ्यांना किती कौतुकाने सांगायचात," ताई म्हणाली. "आणि चाकं माझ्यासाठीच बसवली होतीत. किती खूश होता त्या दिवशी. नाकाला ग्रीस लागलं होतं तुमच्या."

मला दोघांचाही राग आला. खरंच सांगते, कीव आधी नाही आली, रागच आला. इतकी वर्षं एका ताटात जेवलेली दोन माणसं. एकाने विचारलं नाही आणि दुसरीने सांगितलं नाही, का, तर दोघांचं एकमेकांवर फार प्रेम. असलं प्रेम चुलीत घाला, असं मोठ्याने बोलावंसं वाटलं. वॉर्डबाहेर जाऊन जिन्यावर बसले आणि मग रडले.

दुसऱ्या दिवशी दाजी यार्डात गेले. गोदामाच्या मागच्या गवतातून जुनी चाकं ओढून काढली. आसाखाली जॅक लावला, विटा लावल्या, पिनेची वाकवलेली टोकं सरळ केली. नट सैल सुटला, नवंच ग्रीस होतं. मऊ चाकं काढली आणि जुनी चढवली. कोणी मदतीला गेलं नाही, कोणी अडवलंही नाही. सुपरवायझर लांबून आला, हात मागे बांधून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "खडखडे, माल पुन्हा फुटेल."

"फुटू दे," दाजी म्हणाले.

तेवढ्यावर तो गेला. त्यानंतर उताराच्या पायथ्याशी लाल अक्षरांची पाटी लागली, 'सावकाश, पुढे माणसे काम करीत आहेत.' बैल गेला नि झोपा केला. जास्तीचा थरही बंद झाला. ताईच्या टेबलाशी आता मी काम करते. भद्द वाजणारी बेसिनं पुन्हा निघायला लागली आहेत, आणि त्यावरून आता कोणी कोणाला बोलत नाही. गाडी खडखडत येते, सगळे बाजूला होतात. 'खडखडे' अशी हाक मात्र कोणी मारत नाही. दाजीही दारात थांबत नाहीत. माल उतरवतात आणि गाडी वळवून चढाला लागतात.

ताईची खाट खोलीत रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला लावली आहे. दुसरीकडे जागाच नाही. दाजींनी तिच्या पाठीशी उशा रचायला फळ्यांचा टेकू करून दिला, खाटेला बाजूने दांडा बसवला, हाताशी पाण्याला फळी ठोकली. सगळं हाताने. घरात शिरले की ते आधी तिच्या नजरेसमोर जातात आणि तिथेच उभे राहतात, तिने पाहिलं की मगच पुढे सरकतात. मागून खांद्याला हात लावणं त्यांनी सोडलं आहे. माझं भांडणाचं भाडं कधीचं थकलंय, ते मागत नाहीत.

सुट्टीच्या दुपारी ताई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, डोळे मिटून. आम्ही तिला कुशीवर वळवून ठेवतो, पाठ चिघळू नये म्हणून. दाजी त्या तीन तऱ्हांच्या पायांच्या स्टुलावर बसून असतात, खाटेला गुडघे टेकून. बाहेरच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात. भरलेला ट्रक गेला की फळीवरचं भांडं किणकिणतं, भिंत थरथरते आणि भिंतीतून खाट थरथरते.

तेव्हा ताई डोळे न उघडता म्हणते, "आलात?"

"हो गं," दाजी म्हणतात. "आलो."

दर ट्रकला ती विचारते आणि दर ट्रकला ते उत्तर देतात. तिचं तोंड भिंतीकडे असतं, त्यामुळे त्यांचं बोलणं तिला दिसतही नाही.